आधी ताट बघायचं

४ फेब्रुवारी

ही डायरी फुकट मिळाली. नव्या मक्याचं बियाणं काढणाऱ्या कंपनीने आमच्या संशोधन केंद्रात सगळ्यांना एकेक वाटली. वर सोनेरी कणीस छापलंय. शिपायाने त्याच्या डायरीवर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, आपण लिहू. ज्या मक्याचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात, त्याच्याच कागदावर त्याचे वाभाडे काढायचे, ह्यात एक समाधान आहे.

म्हातारपणी वाचताना कळावं म्हणून नीट सांगून ठेवते (माझं वय बघता ते काही फार लांब नाही). मी माशीघर सांभाळते. केंद्राच्या मागच्या अंगाची लांबोडकी खोली, मधाचा आणि ओल्या कापसाचा वास येणारी. तिथे मी क्रायसोपा वाढवते. फिकट हिरवी नाजूक माशी, पंख जाळीचे, डोळे सोनेरी. तिची पोरं मात्र दिसायला बारकी मगर आणि खायला राक्षस. मावा, बारीक किडे, कुणाचीही अंडी, जे तोंडाशी येईल ते फस्त. पिकासाठी फार गुणाची. पण एकत्र ठेवली तर सख्ख्या भावंडालाही सोडत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळी वाटी, वेगळं जेवण, वर मलमलीचं झाकण. सगळी नोकरी मी हेच केलंय, एकेकट्याला जेवायला वाढलंय.

आजपासून नवी चाचणी सुरू. नव्या मक्याच्या पानातच खोडकिड्याला मारणारं विष असतं, बियाण्यातच तशी सोय केलीय. प्रश्न असा की ते पान खाल्लेली अळी माझ्या पोरांनी खाल्ली तर त्यांचं काय होतं? त्यांनी तर मक्याचं काही वाकडं केलेलं नाही. म्हणून अर्ध्या पोरांना नव्या मक्यावर वाढलेल्या, त्या विषाने सहसा न मरणाऱ्या दुसऱ्या जातीच्या अळ्या, अर्ध्यांना साध्या मक्यावरच्या. अळ्या पलीकडच्या अळीघरातून मोजून, डब्यांत बंद होऊन येतात.

माशीघर ज्यांनी उभं केलं त्या मोठ्या बाई सकाळी आल्या की पहिल्यांदा पोरांकडे बघायच्याच नाहीत. त्यांचं खाणं भिंगाखाली धरायच्या. “आधी ताट बघायचं, मग जेवणारा,” असं म्हणायच्या. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता ताट अळीघराकडे, जेवणारे माझ्याकडे. सुटसुटीत झालंय, वेळही वाचतो.

९ फेब्रुवारी

बाबा वाळत चाललेत. आई गेल्यावर डॉक्टरांनी रक्तदाबाची नवी गोळी सुरू केलीय, तेव्हापासूनचं हे. गालफडं बसली. मी सकाळी निघताना दुपारचा डबा भरून टेबलावर ठेवते. पाव, भाजी, उकडलेलं अंडं, एखादं फळ. संध्याकाळी डबा रिकामा, घासून पालथा घातलेला. म्हणजे जेवण चाललंय व्यवस्थित, आणि तरी माणूस झिजतोय. गोळीशिवाय दुसरं काय असणार?

घर केंद्रापासून दोन गल्ल्यांवर आहे. पण दुपार पोरांच्या जेवणाची असते, मला हलता येत नाही.

जिन्यातलं मांजर मात्र अंगाने भरलंय. कुठे हात मारतंय कोण जाणे.

१७ फेब्रुवारी

आज वाट्यांची झाकणं बदलताना मलमलीच्या वासाने दुकान आठवलं.

बाबांचं शिंप्याचं दुकान रस्त्याच्या शेवटी होतं, त्याच्या मागे लगेच शेतं. दार मागचंही उघडं असायचं. बाबा मशीनवर, आई पायरीवर बसून काज-बटणं करायची आणि मी चिंध्यांच्या ढिगात. दुपारी आई कापायच्या टेबलावरचे खडू, कात्र्या बाजूला सारून तिथेच जेवण मांडायची. बाबांनी पहिला घास घेतला की ती विचारायची, “मीठ बघा कसं झालंय.” दररोज. मीठ दररोज नीटच असायचं.

आणि फुलपाखरं! मागच्या दाराने सरळ आत यायची, कापडाच्या ठाणांवर बसायची. त्यांना छापील कापडातली फुलं खरी वाटत असावीत. एखादं मशीनवर बसलं की बाबा पाय थांबवायचे. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी. गिऱ्हाईक कुरकुरलं की बाबा म्हणायचे, “तुमच्या आधी आलंय ते.” माझा फ्रॉक शिवताना शिवणीत भरपूर माया ठेवायचे, म्हणजे मी वाढले की उसवून मोठा करता यावा. एक फ्रॉक मी इतकी वर्षं घातला की त्यावरचं एक फूल माझ्यासमोर म्हातारं झालं.

आता त्या शेतांवर सगळा नवा मका. फुलपाखरू बघितल्याला किती दिवस झाले ते आठवावं लागतं. मला पुराव्याची गरज नाही, मला माहितीये कुणी केलं हे.

पण पुरावाही येतोय! नव्या मक्याच्या बाजूची पोरं आज मरायला लागली.

२५ फेब्रुवारी

मरणं वाढलंय. साध्या मक्याच्या बाजूची धडधाकट, इकडची पोरं सुकून, काळी पडून वाटीच्या कडेला. एकेक वाटी उघडताना वाईट वाटतं, आणि लिहायला लाज वाटते, पण आनंदही होतो. सापडला चोर, असं काहीतरी.

धाकट्या बाई (मोठ्या बाईंच्या खुर्चीवर आता त्या बसतात, वयाने माझ्या भाचीएवढ्या, हुशार, दुपारी जेवायचं विसरणाऱ्या) आकडे बघून माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, “मावशी, आपलं माशीघर वाचलं बरं का!”

कारण केंद्राच्या कामाची तपासणी करणारी समिती येणार आहे. मक्याचा दोष निघाला तर पुढची बरीच वर्षं चाचण्या चालणार आणि माशीघर राहणार. नाही निघाला तर ही जागा दुसऱ्या कामाला देणार आणि मला मुदतीआधी घरी बसवणार. मोठ्या बाईंनी पहिली माशी स्वतः कुंपणावरून पकडून आणली होती. त्यांनी मला तिथेच, खिडकीजवळच्या स्टुलावर, शून्य नंबरचा ब्रश कसा धरायचा ते शिकवलं. तेव्हापासूनचा हा वंश आहे, एक पिढी कधी तुटू दिली नाही मी. आईच्या आजारपणातसुद्धा. ही खोली गेली तर माझ्याकडे दाखवायला काय उरलं?

तेव्हा मका दोषी असलेला बरा.

३ मार्च

चांगली बातमी. बाबांनी आज शिवणाचं मशीन उघडलं! आई गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. मी आले तर तेलाचा वास येत होता आणि जमिनीवर दोऱ्याचे तुकडे. “काय शिवलंत?” विचारलं तर म्हणाले, “काही नाही गं, आपली एक टीप मारली.” हात चालतायत म्हणजे मन रमतंय. फार बरं वाटलं.

८ मार्च

डॉक्टरांशी वाजलं. मी म्हटलं, “तुमच्या गोळीने माणसाची काडी झालीय.” ते म्हणाले, “रक्त बघितलं, लघवी बघितली, सगळं ठीक आहे. जेवतात का नीट?” मी म्हटलं, “डबा रोज रिकामा असतो, डॉक्टर. मी स्वतः भरते.” त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “तुम्ही बघता का त्यांना जेवताना?” म्हणे. मी नोकरी करते हो, म्हटलं, दुपारी पोरं असतात माझी. त्यांना वाटलं असणार बाईला लेकरं आहेत.

बाबा खुर्चीवर बसले होते, शर्टाच्या बटणाशी चाळा करत. परत येताना म्हणाले, “भला माणूस आहे, उगाच ओरडलीस.”

दुसरा डॉक्टर शोधणार आहे. गोळी बदलून घेतल्याशिवाय राहायची नाही.

१२ मार्च

धाकट्या बाईंनी समितीसाठी अहवाल लिहायला घेतला. मला वाचून दाखवला. “नव्या मक्याचा निरुपद्रवी कीटकांवर घातक परिणाम.” छान वाटलं ऐकायला. पेढे जरा जास्तच होतील म्हणून शिपायालासुद्धा बिस्किटं वाटली. त्याने विचारलं, “कशाबद्दल?” मी म्हटलं, “मेलेल्यांबद्दल.” तो बिचारा बिस्किट हातात धरून उभाच राहिला.

बाबांनी पुन्हा मशीन चालवलं. आता तर दर आठवड्याला बसतात. पँट मात्र काय टापटीप दिसते अंगावर, कमरेला अगदी मापात! मी म्हटलंसुद्धा, “बघा, गोळी असूनही पँट कशी बरोबर बसते.” ते हसले.

मांजर आता जिना चढताना धापा टाकतं.

१९ मार्च

आज चष्मा घरी विसरले. माझं काम म्हणजे केसाएवढ्या ब्रशाने मोहरीएवढं पोर उचलायचं, चष्म्याशिवाय होणार कसं? भर दुपारी घरी गेले.

दार लोटलेलं होतं. टेबलाखाली माझा डबा उघडा. मांजर त्यात डोकं घालून जेवत होतं, सावकाश, रोजचं असल्यासारखं. बाबा मशीनपाशी खिडकीकडे पाठ करून बसलेले. अंगावर आईची जुनी शाल, मांडीवर पँट. ते कमरेची शिवण आत घेत होते.

मी पँट हातातून घेतली. मागच्या शिवणीत शेजारी शेजारी टिपा. एक जुनी, तिच्या आत एक, तिच्या आत आजची. मला कळू नये म्हणून माझा बाप दर आठवड्याला पँट लहान करत होता. आणि मी त्याला टापटीप म्हणत होते.

“मांजर उपाशी होतं,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी मांजराकडे बघितलं. त्याला वळतासुद्धा येत नव्हतं.

“आणि तुम्ही?”

“रात्री जेवतो की तुझ्याबरोबर.”

“दोन घास! दुपारी का नाही जेवत? चव नाही का माझ्या हाताला?”

“चव कळायला...” मग बॉबिन काढून हातात फिरवत म्हणाले, “तुझी आई समोर बसून म्हणायची, मीठ बघा. मग मी बघायचो. आता बघून सांगू कुणाला?”

मी खूप रडले. ते पाठीवर हात फिरवत “अगं, अगं” एवढंच म्हणत राहिले. मग मी पाव भाजला, अंडी तळली आणि समोर बसले. ते सगळं जेवले. तोवर चष्मा तसाच टेबलावर राहिला, आज माझ्या पोरांना जेवण उशिरा मिळालं.

गोळीचा काही संबंध नव्हता. डॉक्टर ते मला सांगत होता आणि मी त्याला डबा दाखवत होते.

२० मार्च

सकाळी अळीघरातून डब्या आल्या. झाकण उघडलं, आणि नेहमीसारखी अळी उचलून वाटीत टाकायला गेले, पण हात थांबला. का ते मला लगेच कळलं नाही. मग भिंग घेतलं.

किती वर्षांनी मी ताट बघत होते.

साध्या मक्यावरच्या अळ्या टपोऱ्या, हिरव्या, ब्रश लागला की उसळणाऱ्या. नव्या मक्यावरच्या मरगळलेल्या, पिवळट, कातडी सैल. विषाने त्या मरत नव्हत्या पण आजारी होत्या. त्यांच्यात रसच नव्हता. माझं पोर जबडे खुपसून चोखत होतं, सोडत होतं, पुन्हा चोखत होतं. डबी मोजून भरलेली. कागदावर जेवण बरोबर.

पोरं विषाने मेली की उपासमारीने? मला माहीत नाही. पण आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, आणि अहवाल तर लिहून झालाय.

दुपारी घरी गेले. “मीठ बघा,” म्हटलं. बाबांनी एकदम वर बघितलं. मग म्हणाले, “जरा जास्त आहे.” तेवढंच बोलले, पण डबा संपवला.

२२ मार्च

दोन दिवस गप्प बसले. खरं तेच लिहिते: कायमचं गप्प बसता आलं असतं. ताट बघायला कुणी मला सांगितलं नव्हतं, ते आता माझं कामही नाही. समिती आकडे बघणार, अळ्या नाही. माशीघर राहिलं असतं, आणि त्या मक्याचं नाक कापलं गेलं असतं. रात्रभर... नाही, रात्रभर नाही, झोप लागली मला. पण सकाळी स्टुलाकडे बघवेना.

धाकट्या बाईंना बोलावलं. दोन्ही अळ्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी बघितलं. मग भिंग स्वतःच्या हाताने फिरवून पुन्हा बघितलं.

“मावशी, समिती तोंडावर आलीय.”

“हो.”

“हे आधी का नाही दिसलं तुम्हाला?”

“बघितलं नाही म्हणून. तुम्ही तरी कुठे बघितलंत?”

त्या चिडल्या. दार आपटून गेल्या. मी वाट्या धूत बसले. थोड्या वेळाने परत आल्या, डोळे लाल, हातात बिस्किटाचा पुडा.

“लाल कोळी,” म्हणाल्या. “काचघरातला मका खराब करतात ते बारीक किडे. नव्या मक्याचा रस पोटभर पितात, विष अंगात भरपूर जातं, पण त्यांना त्याने काही होत नाही. एकदम निरोगी. ते वाढू तुमच्या पोरांना.”

“म्हणजे ताटात विष आहे, पण ताट चांगलं.”

“आणि तरी मेली तर मका दोषी. जगली तर...” त्यांनी खोलीकडे नजर फिरवली. “जगली तर माशीघर जाईल, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“बिस्किट खा,” मी म्हटलं, “जेवला नाहीत तुम्ही.”

२ एप्रिल

ज्या कोळ्यांना उभा जन्म मी औषध मारत आले, ते आता पानं भरभरून पोसतेय. समितीने मुदत वाढवून दिली. डबी माझ्याकडे आली की आधी भिंग, मग वाटी.

मला काय हवंय ते मलाच कळत नाही. पोरं मरावीत असं कुणी सांभाळणारी म्हणेल का? आणि जगली तर खोली जाते. सकाळी झाकण उघडताना डोळे मिटून घेते.

बाबांना आता मीठ कमी-जास्त सांगायची चटक लागलीय. काल म्हणे, “आज बरोबर आहे, पण तुझ्या आईचं ह्याहून बरोबर असायचं.” मी म्हटलं, ते तर मलाही माहितीये.

मांजर रुसलंय. जिन्यात पाठ करून बसतं.

२१ एप्रिल

जगली. नव्या मक्यावरचे कोळी खाणारी पोरं आणि साध्यावरचे खाणारी, दोन्हीकडे सारखीच. रेशमाचे कोष विणले, आणि आज सकाळी माश्या बाहेर आल्या. एक माझ्या मनगटावर बसून पंख वाळवत होती. सोनेरी डोळे. तिला कुणी सांगितलंय की तिच्या जगण्याने काय होणार आहे?

धाकट्या बाईंनी जुना अहवाल फाडला. मी विचारलं, “मग दुकानातली फुलपाखरं कुणी नेली?”

“तुमच्या लहानपणी बांधावर काय होतं?”

“तण. रुई, घाणेरी, काय वाटेल ते. कंबरेएवढं.”

“आता आहे?”

नाही. तणनाशक मारून बांध चकचकीत केलेत. “त्याने असेल, कशाने असेल, ते वेगळं तपासावं लागेल,” त्या म्हणाल्या. “ही एक माशी एका मक्यापुरतं सांगतेय. त्याच्यापुढचं तिला विचारता येणार नाही.”

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं चोर माहीत होता, आता तोही गेला. फुलपाखरं तर आधीच गेलेली.

११ मे

समिती येऊन गेली. लोक सभ्य होते. एकाने माशीघराच्या दारातूनच “फार सुंदर काम” असं म्हटलं, तेव्हाच मी समजले. महिनाअखेरीस खोली रिकामी करायची.

३१ मे

शेवटचा दिवस. वाट्या धुवून पालथ्या घातल्या. शिपायाने स्टूल उचलायला घेतलं तर त्याला म्हटलं, ते सगळ्यात शेवटी. धाकट्या बाई सुट्टीचा दिवस असून आल्या. आम्ही दोघींनी खिडक्या उघडल्या, कित्येक वर्षांत न उघडलेल्या, रंगाने चिकटलेल्या. माश्या लगेच गेल्या नाहीत. मग एक गेली, मग सगळ्या, कुंपणाच्या दिशेने. मोठ्या बाईंनी त्यांच्या खापरपणजीला तिथूनच आणलं होतं. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

धाकट्या बाईंनी मला मोठ्या बाईंचं भिंग दिलं. मी त्यांना दुपारी जेवायला घरी यायचं बजावलं. “एकट्या बसून कागदात डोकं घालून बिस्किटं खाऊ नका,” म्हटलं. “येईन मावशी,” म्हणाल्या. बघू.

१६ जून

डायरीची पानं बरीच उरलीत, पण लिहिण्यासारखं रोज घडत नाही. दुकानाच्या मागच्या दाराजवळ असायची तसली थोडी रुई कुंडीत लावलीय. शेजारीण म्हणते, हे काय तण लावलंत घरात. अजून एकही फुलपाखरू आलेलं नाही रुईवर. मी रोज पान उलटून अंडं दिसतंय का बघते.

आज धाकट्या बाई खरंच जेवायला आल्या होत्या. बाबांनी त्यांनाही मीठ विचारलं. त्यांनी इतका विचार करून उत्तर दिलं की बाबा खूश झाले.

त्या गेल्यावर भांडी घासत होते तर मशीनपाशी खुडबुड ऐकू आली. ओल्या हातांनी तशीच धावले. बाबा खिडकीच्या उजेडात पँट मांडीवर घेऊन बसले होते. मशीनवरचं झाकण बंदच होतं, हातात फक्त बारकी कात्री.

“काय करताय?”

“कमरेला काचतेय गं,” जरा त्रासिक आवाजात म्हणाले. “बरं झालं आतली माया कापली नव्हती.”

मी स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांनी सगळ्यात आतली टीप उसवली, दोरा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. अजून दोन उसवायच्या आहेत.